सप्टेंबर ते थँक्सगिव्हिंग: अमेरिकेतल्या शाळेच्या पहिल्या शरदात मराठी पालकांना पडणारे प्रश्न

शाळा सुरू झाली की पहिल्या तीन महिन्यांत ईमेल, अ‍ॅपवरचे निरोप आणि दप्तरातून येणारे रंगीत कागद यांचा इतका ढीग साठतो की त्यात महत्त्वाचं कुठलं हेच कळेनासं होतं. यातल्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक असतात. चुकवून चालणार नाहीत अशा मोजक्याच, आणि नेमक्या त्याच दिसायला सगळ्यांत कंटाळवाण्या: लसींची नोंद, आणीबाणीचे फोन नंबर, गैरहजेरीची चिठ्ठी. खालची उत्तरं अमेरिकेतल्या सरकारी, म्हणजे पब्लिक शाळांपुरती आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून फरक मोठा असेल तिथे राज्याचं नाव दिलं आहे.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं काही का?

थोडंफार. डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारी स्थानिक संस्था. देशात अशा सुमारे १३,००० आहेत. न्यू जर्सीत जवळपास गावागणिक एक, मेरिलंड आणि व्हर्जिनियात बहुधा काउंटीला (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाला) एक, तर हवाईत अख्ख्या राज्याला मिळून एकच. टेक्ससात नावापुढे ‘आयएसडी’ दिसतं, कॅलिफोर्नियात ‘युनिफाइड’. बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं आणि ते सुपरिंटेंडंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्याची, नेमणूक करतं. पैसा मुख्यतः राज्याकडून आणि स्थानिक घरपट्टीतून येतो, केंद्राचा वाटा लहान असतो.

मूल कुठल्या शाळेत जाणार हे पत्त्यावरून ठरतं. घर भाड्याने घेताना जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नका. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर पत्ता टाकून बघा. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन शाळांत जाऊ शकतात. पत्ता बरोबर असूनही इयत्ता भरलेली असेल तर मुलाला जवळच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात. त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात नाव घालण्यापेक्षा घराचा करार हातात येताच घाला.

प्रवेशासाठी कागद कुठले? आमच्या व्हिसाची चौकशी होईल का?

जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, वीज किंवा पाण्याचं बिल) आणि लसींची नोंद. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालामुळे इमिग्रेशनची स्थिती पाहून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पासपोर्ट वयाचा पुरावा म्हणून दाखवता येतो, पण तोच हवा असा आग्रह शाळेने धरू नये.

खरी अडचण लसींची होते. भारतातलं लसीकरण पूर्ण असूनही शाळेची नर्स ‘अपूर्ण’ असा शेरा देते, तेव्हा पालक चिडतात. कारणं साधारण चार असतात.

पहिलं, गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा डोस. अमेरिकेत पहिला वाढदिवस होण्याआधी दिलेला डोस धरत नाहीत. शिवाय भारताच्या सरकारी कार्यक्रमातल्या लसीत गालगुंड नसतो आणि इथे गोवर-गालगुंड-रुबेला अशी तिहेरी लस हवी असते. दुसरं, पोलिओचे थेंब. एप्रिल २०१६ पासून दिलेले थेंब इथे मोजत नाहीत, कारण त्यात तीनऐवजी दोनच प्रकारांचे विषाणू असतात. पोलिओचं पूर्ण मात्रेचं इंजेक्शन मोजलं जातं, म्हणून ते कधी दिलं ती तारीख शोधून ठेवा. तिसरं, कांजिण्या. सरकारी कार्यक्रमात ही लस नाही, खासगीत अनेकदा एकच डोस झालेला असतो, आणि इथे बहुतेक राज्यांत दोन लागतात. चौथं, टीबीची चाचणी, जी काही राज्यांत आणि काउंट्यांत मागतात. बीसीजी टोचलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे मागे लागतो. डॉक्टरांना आधीच सांगून रक्तावरची चाचणी करून घ्या. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

हॉस्पिटलच्या पिवळ्या कार्डावरच्या तारखा दिवस-महिना-वर्ष अशा असतात. इथे महिना आधी लिहितात. ०५/०८ चा ऑगस्ट इथे मे होतो आणि दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं. कार्डाची फोटोकॉपी देताना महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलेली स्वतंत्र यादी सोबत जोडा.

फॉर्मवर ‘घरी कुठली भाषा बोलता’ असं विचारलंय. मराठी लिहिलं तर मुलाला वेगळ्या वर्गात टाकतील का?

मराठीच लिहा. त्यावरून मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते. बऱ्याच राज्यांत ती विडा नावाची असते, कॅलिफोर्नियात एलपॅक. चाचणीत मूल सहज पास झालं तर विषय तिथेच संपतो. नाही झालं तर आठवड्यातले काही तास इंग्रजीची जास्तीची मदत मिळते. हा दुय्यम दर्जाचा वर्ग नव्हे. निकाल आणि मदतीचं स्वरूप शाळेने वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालकांना कळवायचं असतं. मदत नाकारण्याचा हक्क पालकांना आहे, पण नाकारली तरी वार्षिक चाचणी चालूच राहते. म्हणून केवळ ‘शिक्का नको’ म्हणून नाकारण्यात काही फायदा नाही.

घरात इंग्रजी न येणारे आजी-आजोबा मुलांकडे बघत असतील तर शाळेकडे दुभाषा मागता येतो. पालकांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं ही डिस्ट्रिक्टची कायदेशीर जबाबदारी आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत. मराठी दुभाषा बहुधा फोनवर मिळतो, म्हणून दोन-चार दिवस आधी सांगा.

बॅक-टू-स्कूल नाइट आणि पेरेंट-टीचर कॉन्फरन्स एकच ना?

नाही, आणि गल्लत केली की दोन्ही वाया जातात.

बॅक-टू-स्कूल नाइट सप्टेंबरच्या आसपास असते. सगळ्या पालकांना एकत्र बसवून शिक्षक वर्षभराचा अभ्यास, गृहपाठ आणि गुण देण्याची पद्धत सांगतात. मिडल स्कूल आणि हायस्कूलमध्ये तुम्ही मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गांतून फिरता, दर तासाला साधारण दहा मिनिटं. बहुतेक शाळांत त्या दिवशी मुलांना आणायचं नसतं. ‘आमच्या अर्णवचं गणित कसं आहे?’ हा प्रश्न तिथे विचारू नका. शिक्षकांना सर्वांसमोर त्याचं उत्तर देताच येत नाही.

तो प्रश्न कॉन्फरन्सचा. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, प्रत्येक कुटुंबाला १५-२० मिनिटं. वेळ ऑनलाइन निवडायची असते आणि संध्याकाळच्या जागा पहिल्या दिवशीच संपतात. गुणांपलीकडचं विचारा: वाचनाची पातळी आत्ता कुठे आहे आणि वर्षअखेरीस कुठे अपेक्षित आहे, वर्गात हात वर करतो का, जेवताना कुणाबरोबर बसतो, घरी आठवड्याला काय करून घ्यावं. या चार प्रश्नांत पंधरा मिनिटं संपतात.

प्रगतिपुस्तकात सगळीकडे ३ आहेत. ४ पैकी ३ म्हणजे ७५ टक्के?

नाही. प्राथमिक शाळांत बऱ्याच ठिकाणी १ ते ४ ही श्रेणी पायऱ्या दाखवते, टक्के नव्हे. ३ म्हणजे या इयत्तेकडून जे अपेक्षित ते जमतं. ४ म्हणजे त्याच्या पुढचं, आणि पहिल्या सत्रात ४ देणारे शिक्षक थोडेच. २ म्हणजे वाटेवर आहे. वर्षभराचं उद्दिष्ट समोर ठेवून पहिल्या सत्रात २ दिलेला असू शकतो. फोनवर आजोबांना हे समजावणं तेवढं अवघड आहे.

पीटीएला पैसे द्यावेच लागतात का? दर आठवड्याला काहीतरी विकायला येतं.

पीटीएचं, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेचं, सदस्यत्व ऐच्छिक, वर्गणी छोटी. पीटीए ही १८९७ पासूनची देशव्यापी संघटना आहे, तर पीटीओ म्हणजे त्याच धर्तीचा, पण तिच्याशी न जोडलेला स्वतंत्र गट. फन रन, पुस्तक जत्रा, कुकीचं पीठ, एखाद्या रेस्टॉरंटमधली निधीची संध्याकाळ, शाळेच्या नावाचे टी-शर्ट, यातलं काहीच सक्तीचं नाही. सगळ्यात थोडं थोडं घेण्यापेक्षा वर्षातून एकदा सरळ देणगी द्यावी. वस्तू विकल्या की किमतीतला मोठा वाटा विकणाऱ्या कंपनीकडे जातो.

मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर ‘मॅचिंग’ जरूर बघा. कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम अनेक कंपन्या स्वतः देतात, काही तर स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. यासाठी पीटीएचा करनोंदणी क्रमांक खजिनदाराकडून घ्यावा लागतो. बहुतेक कंपन्यांत अर्जाची मुदत डिसेंबरअखेर किंवा देणगीनंतर ठरावीक महिन्यांत असते.

फोटोच्या दिवसाचंही तेच. फोटो सगळ्यांचा काढतात, विकत घेणं बंधनकारक नाही. मूल आजारी असेल तर काही आठवड्यांनी ‘रीटेक’ असतो. त्या दिवशी हिरवा शर्ट घालू नका. काही छायाचित्रकार हिरव्या पडद्यासमोर फोटो काढतात आणि मग मुलाच्या धडात शरदाची पानगळ दिसते.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा) शाळेत मदत करता येते का?

वर्गात वाचून दाखवणं, सहलीबरोबर जाणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं अशी कामं सगळेच पालक विनामोबदला करतात. ती करायला हरकत नसते. मात्र जेवणाच्या सुट्टीवर लक्ष ठेवणं, बदली शिक्षक अशी पगारी कामं वर्क परमिटशिवाय करू नका, मानधन किंवा गिफ्ट कार्डही घेऊ नका.

उशीर होतो तो पार्श्वभूमी तपासणीमुळे. पेनसिल्व्हेनियात स्वयंसेवकाला राज्य पोलिसांचा आणि बालसंरक्षण नोंदीचा असे दोन दाखले लागतात. राज्यात सलग दहा वर्षं राहिलेले नसाल तर त्यावर एफबीआयची बोटांच्या ठशांची तपासणी. म्हणजे नव्याने आलेल्यांना तिन्ही. कॅलिफोर्नियात टीबीची प्रश्नावली, अनेक ठिकाणी शिवाय ठसे. ऑक्टोबरात भोपळ्याच्या शेतावर सहल जाते तिच्याबरोबर जायचं तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज करा. सहलीच्या चिठ्ठीनंतर अर्ज करणारे पालक हमखास मागे राहतात.

शाळेतलं जेवण शाकाहारी मुलाला चालेल?

चालू शकतं, पण ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं आलंच, मार्शमेलोत आणि काही दह्यांत प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, ‘चिली’ नावाच्या राजम्याच्या रश्श्यात बहुधा गोमांस. कॅफेटेरियाच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा, मुलाच्या खात्यावर नोंद होते. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत सर्वांना मोफत जेवण आहे, बाकी ठिकाणी उत्पन्नानुसार अर्ज.

डबाच द्यायचा तर थर्मास आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्याने भरून ठेवा, मग पाणी ओतून गरम भात भरा. मायक्रोवेव्ह मिळत नाही, आणि रांग धरून जेवायला जेमतेम २०-२५ मिनिटं असतात. पोळीचा रोल पटकन संपतो, भाजी-पोळी वेगवेगळी दिली तर निम्मी परत येते.

हॅलोवीनला मावळा म्हणून पाठवलं तर?

धोतर, बाराबंदी, फेटा खुशाल. ढाल-तलवार घरी. प्लास्टिकचीही नाही. बहुतेक शाळांत मुखवटे, खोटं रक्त आणि कुठलंही शस्त्र चालत नाही. काही शाळांनी हॅलोवीन हे नावच काढून ‘फॉल फेस्टिव्हल’ किंवा ‘पुस्तकातल्या पात्राचा दिवस’ केला आहे, म्हणून निरोप नीट वाचा. ‘ट्रंक-ऑर-ट्रीट’ म्हणजे शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या सजवून मुलांना खाऊ वाटणं. खाऊ कारखान्यात गुंडाळलेला आणि दाण्यांशिवायचा आणा.

इथे दिवाळीशी संबंधित एक गंभीर सूचना. भारतातून येताना आणलेलं टिकल्यांचं पिस्तूल मुलाच्या दप्तरात राहता कामा नये, अगदी मोडलेलं असलं तरी. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर शाळा शस्त्रांबाबत अतिशय कडक झाल्या. खेळण्यातल्या पिस्तुलावरूनही मुलांना काही दिवस शाळेतून काढतात आणि ती नोंद राहते. आठवड्यातून एकदा दप्तर रिकामं करण्याची सवय या कारणासाठीही बरी.

दिवाळीला सुट्टी असते का?

डिस्ट्रिक्टवर आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२३ च्या कायद्याने सुट्टी मिळते. पहिली सुट्टी २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला पडली, ज्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर भारतातही एकमत नव्हतं. न्यू जर्सीत भारतीय वस्तीच्या अनेक गावांत शाळा बंद असतात. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळीला राज्याची सुट्टी म्हणून मान्यता दिली, पण शाळा बंद ठेवायची सक्ती तिथेही नाही. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे.

सुट्टी नसेल तर धार्मिक कारणासाठी गैरहजेरी मागता येते. दोन-तीन दिवस आधी हजेरीच्या कार्यालयाला ईमेल करा: मुलाचं नाव, इयत्ता, तारीख आणि ‘दिवाळीनिमित्त धार्मिक गैरहजेरी’ एवढं पुरे. ‘कौटुंबिक कारण’ असं मोघम लिहिलं की ती विनापरवानगी धरली जाऊ शकते. न्यू जर्सीत राज्याने मान्य केलेल्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे.

वर्गात दिवाळी साजरी करायची आहे. फराळ नेला तर चालेल?

बहुतेक शाळांत घरी केलेलं काहीही वाटता येत नाही. घटकांची छापील यादी असलेलं, बंद पाकिटातलंच चालतं. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, लाडवात बदाम, चकलीत तीळ. तीळही आता धोक्याच्या यादीत आहे: २०२१ च्या कायद्याने तो नववा मुख्य अ‍ॅलर्जीकारक ठरला आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर लिहिणं बंधनकारक झालं. दाण्याची अ‍ॅलर्जी म्हणजे नुसती खाज नव्हे, श्वास बंद होऊ शकतो. ‘थोडंसंच आहे’ हे वाक्य इथे चालत नाही. खाऊचा नाद सोडा आणि हाताला काम द्या.

धर्माबद्दल शिकवायला सरकारी शाळेत मुभा आहे, पूजा-प्रार्थना करून घ्यायला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हीच रेघ आखली. म्हणजे ‘आम्ही घरी लक्ष्मीपूजन करतो, त्यात असं असं असतं’ हे सांगता येतं. वर्गात आरती, प्रसाद, सगळ्या मुलांना कुंकू नको. खरी पणतीही नको, बॅटरीची चालेल.

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी अर्ध्या तासात होणारा आकाशकंदील असा:

२४ मुलांसाठी २६ संच. प्रत्येक संचात ९ × १२ इंचांचा एक जाड रंगीत कागद, ७ × १२ इंचांचा एक पिवळा कागद, क्रेप कागदाच्या १ × १० इंचांच्या पाच पट्ट्या आणि मुठीसाठी १ × १२ इंचांची एक पट्टी. रंगीत कागदाला लांबीत घडी घालायची, म्हणजे ४.५ × १२ होतो. उघड्या कडेपासून एक इंचावर जाड रेघ मारायची. घडीच्या बाजूने त्या रेघेपर्यंत एकेक इंचावर काप द्यायचे, अकरा काप होतात. कागद उघडून आखूड कडा जुळवून नळकांडं करायचं. पिवळ्या कागदाचं नळकांडं आत. बाहेरचा कागद दोन इंचांनी उंच असल्यामुळे वरच्या आणि खालच्या कडा आतल्याशी जुळवून चिकटवल्या की पट्ट्या बाहेर फुगतात. खाली झिरमिळ्या, वर मूठ.

बिघडतं ते ठरलेल्या दोन ठिकाणी. मुलं घडीऐवजी उघड्या बाजूने कापतात आणि कागदाची झालर होते. नाहीतर रेघ ओलांडून आरपार कापतात. म्हणून घड्या आणि रेघा घरूनच करून न्या आणि घडीवर ‘इथून कापा’ असा बाण काढा. क्रेपला गोंदाची कांडी धरत नाही, चिकटपट्टी किंवा स्टेपलर लागतो, आणि स्टेपलर मोठ्यांच्याच हातात. मदतीला तीन पालक हवेत. शिक्षिकेला तीन आठवडे आधी विचारा. त्याच सुमाराला हॅलोवीनची पार्टी आणि कॉन्फरन्स असल्यामुळे मोकळा तास सहज मिळत नाही.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी शाळेचं सभागृह मिळतं का?

मिळतं. अमेरिकेतल्या कितीतरी महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळी आणि मराठी शाळा शनिवार-रविवारी हायस्कूलच्या इमारतीतच भरतात. परवानगी मुख्याध्यापकांकडे मागू नका. डिस्ट्रिक्टच्या सुविधा विभागाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. कॅलिफोर्नियात तर स्थानिक गटांना शाळेच्या जागा वापरू देणारा खास कायदाच आहे.

अर्ज निदान सहा-आठ आठवडे आधी करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेची नाटकं आणि बँडचे कार्यक्रम असतात, आणि शाळेचा कार्यक्रम आला तर तुमचं आरक्षण हलतं. लागतं ते असं: मंडळाचा ना-नफा दाखला, ज्यावर भाड्याचा दर ठरतो, आणि विम्याचं प्रमाणपत्र. विमा सहसा दर घटनेला दहा लाख डॉलरचा मागतात आणि त्यात डिस्ट्रिक्टचं नाव ‘जास्तीचा विमाधारक’ म्हणून असावं लागतं. पहिल्यांदा अर्ज फेटाळला जातो तो बहुधा याच एका ओळीमुळे. डिस्ट्रिक्टचं पूर्ण कायदेशीर नाव आणि पत्ता जसाच्या तसा विमा कंपनीला द्या. शाळेचं नाव घातलं तर कागद परत येतो.

भाड्यापेक्षा जास्तीचे आकार मोठे होतात. रविवारी सफाई कर्मचाऱ्याचे किमान तास धरतात आणि दरही जास्त असतो. स्टेजचे दिवे आणि ध्वनी शाळेच्याच तंत्रज्ञाने हाताळायचे, त्याचे वेगळे पैसे. मांडामांड आणि आवराआवर हीसुद्धा भाड्याच्या वेळेतच मोजतात. कार्यक्रम तीन तासांचा असेल तर सहा तासांचं आरक्षण करा. आपल्याकडे आवरायला दीड तास लागतो, कारण निम्मी मंडळी दारात गप्पा मारत उभी असतात.

जेवण सभागृहात नाही, कॅफेटेरियात. स्वयंपाकघर वापरायचं तर बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्टचा कर्मचारी हजर लागतो, म्हणून बाहेरून गरम जेवण मागवणं सोपं. रांगोळी प्रवेशाच्या लाद्यांवर किंवा प्लायवूडच्या फळीवर काढा. गालिच्यात शिरलेला रंग निघत नाही आणि सफाईचं बिल येतं. गुलालाला सक्त मनाई असते. निरांजन, धूप, अगरबत्ती आणि नाटकातलं धुराचं यंत्र यांपैकी कशानेही धुराचा सूचक वाजतो, अख्खी इमारत रिकामी होते, अग्निशमन दल येतं आणि खर्च मंडळाच्या माथी येतो. विजेची समई ठेवा. ढोल-ताशा मैदानात वाजवायचा असेल तर वेळ अर्जात लिहा. दारू आणि तंबाखू शाळेच्या आवारात, पार्किंगमध्येही, चालत नाही. आणखी एक: शनिवार-रविवारी बऱ्याच शाळांत हीटर बंद असतो. नोव्हेंबरात नऊवारीतल्या लहान मुली कुडकुडायच्या नसतील तर हीटर चालू ठेवण्याची विनंती अर्जातच करा.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार आठवडे भारतात जायचं आहे. शाळा काय म्हणेल?

नाराज होईल, आणि त्यामागे आकडे आहेत. वर्षाचे १० टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, चुकले की मूल ‘दीर्घ गैरहजर’ धरलं जातं. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या सुट्ट्या वगळूनही चार आठवड्यांत हा आकडा जवळ येतो. सहलीसाठीची गैरहजेरी सहसा माफ होत नाही. टेक्ससात वर्गाचे ९० टक्के दिवस भरले नाहीत तर विषयाचं श्रेय अडकू शकतं. व्हर्जिनियात सलग १५ दिवस न आल्यास नाव पटावरून निघतं आणि परत आल्यावर पुन्हा नोंदणी. गर्दीच्या शाळेत तोवर जागा गेलेली असू शकते.

कॅलिफोर्नियात ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार असतो: निघण्याआधी सही, अभ्यास सोबत, परत आल्यावर जमा. अभ्यास जमा केला नाही तर ते सगळे दिवस गैरहजर. इतर राज्यांत मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लिहा. तारखा निवडायला वाव असेल तर ऑक्टोबरची सुरुवात टाळा. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी पटमोजणी होते आणि निधीचा मोठा भाग त्यावर ठरतो. कॅलिफोर्निया आणि टेक्ससात रोजच्या हजेरीवर पैसे मिळतात, म्हणून तिथे एका दिवसाच्या गैरहजेरीलाही फोन येतो.

‘शाळा सिक्युअरमध्ये आहे’ असा मेसेज आला. लगेच निघायचं का?

नाही. अनेक डिस्ट्रिक्ट पाच शब्द वापरतात. ‘होल्ड’ म्हणजे वर्गातच थांबा, बाहेर कुणी आजारी वगैरे. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका इमारतीबाहेर, दारं बंद, आत वर्ग चालू. ‘लॉकडाउन’ म्हणजे धोका आत. ‘इव्हॅक्युएट’ आणि ‘शेल्टर’ म्हणजे बाहेर पडा किंवा आसरा घ्या. कुठल्याही परिस्थितीत गाडी घेऊन धावलात तर पोलिसांचा रस्ता अडतो आणि मूलही मिळत नाही. शाळा ठिकाण कळवते, तिथे ओळखपत्र दाखवूनच मूल देतात.

म्हणून आणीबाणीच्या कार्डावर स्थानिक नंबर असलेली दोन-तीन माणसं हवीत. भारतातल्या काकांचा नंबर इथे उपयोगाचा नाही. आजी-आजोबा मुलाला आणणार असतील तर त्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच यादीत घाला आणि पासपोर्ट बरोबर द्या. ‘आजी’ म्हणून हाक मारणारं नातवंड समोर असलं तरी यादीत नाव नसेल तर कार्यालय सोडत नाही.

हायस्कूलमधल्या मुलांचं काय? होमकमिंगला पाठवावं का?

पाठवा. होमकमिंग म्हणजे हायस्कूलचा शरदातला उत्सव: शुक्रवारी फुटबॉलचा सामना, शनिवारी नाच, आधीचा आठवडाभर रोज वेगळा पोशाख. जोडीने जायचं बंधन नसतं, बहुतेक मुलं घोळक्याने जातात. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीचा नियम असतो, पर्स गाडीत ठेवावी लागते.

त्याच दिवसांत काही तारखा निसटतात. पीएसएटी (कॉलेजप्रवेशाच्या एसएटीची सराव परीक्षा) ऑक्टोबरमध्ये. मे महिन्यातल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षांची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, नंतर दंड. बारावीला लवकरचे कॉलेज अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरला, त्यासाठी शिक्षकांचं शिफारसपत्र सप्टेंबरमध्येच मागावं लागतं. कॉलेजसाठीच्या केंद्रीय आर्थिक मदतीचा फॉर्म (फाफ्सा) १ ऑक्टोबरला खुला होतो, पण तो मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, एच-४ वरच्या मुलांना ती मदत मिळत नाही. द्विभाषिकतेची शासकीय मोहोर (‘सील ऑफ बायलिटरसी’), जी २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरू केली, मराठीसाठी मिळेल का हे भाषा विभागाच्या समन्वयकाला शरदातच विचारा. वसंतात परीक्षेच्या जागा संपलेल्या असतात.

स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत आम्ही मत देऊ शकतो का?

नागरिक नसाल तर जवळपास कुठेच नाही. ग्रीन कार्डवरही नाही. शाळेबाहेरच्या टेबलावर किंवा लायसन्सच्या कार्यालयात मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तर नम्रपणे नाही म्हणा. चुकून केलेली सहीसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठं संकट ठरते. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ पासून नागरिक नसलेल्या पालकांना फक्त बोर्डासाठी मत देता येतं, पण तिथेही आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून मगच.

बोलायला मात्र मत लागत नाही. बोर्डाची बैठक महिन्यातून एक-दोनदा संध्याकाळी असते, विषयपत्रिका आधी जाहीर होते, आणि नाव नोंदवलं की दोन-तीन मिनिटं बोलता येतं. दिवाळीची सुट्टी हवी असेल तर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर ठरण्याआधी, म्हणजे बहुधा याच शरदात किंवा हिवाळ्यात, जाऊन बोलायला हवं. एकाने दहा मिनिटं मागण्यापेक्षा पाच पालकांनी वेगवेगळे मुद्दे दोन-दोन मिनिटांत मांडलेले बरे. मतपत्रिकेवरचा बॉण्ड (कर्जरोखा) सहसा इमारतींसाठी असतो आणि लेव्ही (जास्तीचा कर) चालू खर्चासाठी. भाडेकरू म्हणून दोन्हीचा भार भाड्यातून तुमच्यावरही येतो.

घड्याळं बदलली की बस कधी येते?

बस घड्याळाप्रमाणेच येते, फक्त उजेड बदलतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे जातं (ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई सोडून). त्याआधीचे दोन-तीन आठवडे सकाळी अंधार असतो. जॅकेटवर चमकणारी पट्टी लावा आणि थांब्यावर पाच-दहा मिनिटं आधी पोचा. गाडी चालवताना बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं. अनेक डिस्ट्रिक्टच्या बसवर कॅमेरे असतात आणि दंडाची पावती घरी येते. मधली सुट्टी कडाक्याची थंडी नसेल तर बाहेरच होते, तेव्हा कोट, टोपी आणि दोन्ही हातमोज्यांवर नाव लिहा. हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत डाव्या हातमोज्यांचाच ढीग असतो.